लुगड्याला खिसा होता

मराठीत बाईच्या एका वस्त्राला किती नावं आहेत, ती जरा मोजून पाहा. लुगडं, पातळ, साडी, शालू, पैठणी, इरकल, चंद्रकळा. लहान मुलीची ती चिरडी आणि केशवपन केलेल्या विधवेचं ते आलवण. नावावरून वय कळे, प्रसंग कळे, घरची परिस्थितीही कळे. मी कविता लिहिते, त्यामुळे एखादा शब्द चालेनासा झाला की मला चुकल्यासारखं होतं. यातले निम्मे शब्द आता चालत नाहीत. त्यांच्या जागी कापडाच्या दुकानात एकच नाव ऐकू येतं, ‘वयाला शोभेल असं’.

पन्नाशी ओलांडलेली बाई दुकानाची पायरी चढली की तिच्यापुढे काय येणार, हे ठरलेलं असतं. राखाडी, मातकट नाहीतर फिकट जांभळा रंग, त्यावर बारीक बुट्टी. कापड सिंथेटिक, खांद्यावरून घसरणारं आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटणारं. शिवलेला कुर्ता मागितला तर तो पोटाशी ढगळ आणि दंडाला करकचणारा. चेन पाठीवर, जिथे दुखऱ्या खांद्याचा हात पोहोचत नाही. आणि खिसा नाही. ना रूप, ना सोय. मग हा कपडा कुणासाठी बनला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर शोधायला शे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

नऊवारी लुगडं म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. एवढ्या कापडाचा भार होतोच, पण त्या भाराचा उपयोगही होता. बाई जाड झाली, वाळली, पोटुशी राहिली, म्हातारपणी वाकली, तरी लुगडं तेच. कासोटा घातला की पाय मोकळे. भातलावणीला ते गुडघ्यापर्यंत खोचायचं, देवळात जाताना घोट्यापर्यंत सोडायचं. वर खणाची चोळी, तिची गाठ पुढे. खांदा आखडलेल्या म्हातारीलाही ती आपल्या हाताने बांधता येई.

आणि लुगड्याला खिसा होता. एक नव्हे, तीन होते. ओच्यात भाजी, शेंगा मावत. कनवटीला पैसे लागत. पदराच्या गाठीत किल्ली नाहीतर चिल्लर असे. आपल्या भाषेनेच याची साक्ष जपून ठेवली आहे. स्वतःजवळचे पैसे खर्च केले की आपण ‘पदरमोड’ केली म्हणतो. हा शब्द पँट घालणारे पुरुषही वापरतात. पण मुळात पैसे बाईच्या पदरात होते, हे त्यात आलंच.

माझी नानी गावात नऊवारीच नेसायची. शेतात गुडघ्याशी असलेलं लुगडं नमाजच्या वेळी घोट्यापर्यंत खाली यायचं आणि पदर कपाळापर्यंत पुढे. वस्त्र एकच, कामं दोन. तिच्या शेजारणीही तशाच नेसायच्या. कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं नाही, तर कोण कुणाच्या घरची हे पाठमोरं ओळखता येत नसे.

हे लुगडं विणत कोण होतं? इरकल विणली जाई आजच्या कर्नाटकातल्या इलकल गावात आणि चोळीचा खण येई जवळच्याच गुळेदगुड्डहून. मुंबईत कावसजी दावर यांची कापूसगिरणी 1856 मध्ये सुरू झाली, सोलापुरात 1877 मध्ये. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग आणला. मालेगावात उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेले मोमीन विणकर होते. त्यांच्या घरची बोली उर्दू, पण मागावर चढे ते मराठी बाईचं लुगडं. कोणत्या बाजारात कोणता रंग खपतो, कोणता काठ लागतो, हे विणकरांना पाठ असे. गिऱ्हाईक म्हणून खेड्यातली साठीची बाई त्यांच्या हिशेबात होती.

ते दिवस सोन्याचे होते, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच काळात आलवणही होतं. डोकं भादरलेल्या बाईला लाल जाडंभरडं कापड गुंडाळून घराच्या कोपऱ्यात बसवत. ते वस्त्र ती निवडत नसे. मुसलमानांत विधवेची इद्दत साधारणपणे चार महिने दहा दिवसांची. तेवढा काळ साजशृंगार वर्ज्य. पण पुढची सगळी पांढरी वर्षं कित्येक घरांत माणसांनी आपल्या पदरची जोडली. रंग उतरवला की बाई उतरणीला लागली, हा समज दोन्हीकडे सारखाच. आज दुकानात जो ‘सोबर’ रंग म्हातारीसाठी काढून ठेवतात, त्याच्या मुळाशी मला हाच जुना समज दिसतो. नवऱ्याच्या मरणाची जागा आता नुसत्या वयाने घेतली आहे.

मग नऊवारी गेली कशी? सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 मध्ये मुंबईत आल्या. इथल्या पारशी बायकांची नेसण पाहून त्यांनी साडी नेसण्याची नवी रीत घडवली. सोबत परकर आणि पोलकं आलं. ती रीत बंगालच्या सुशिक्षित घरांत रुजली आणि तिचे वेगवेगळे अवतार देशभर पसरले. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळा-कॉलेजांतल्या मुली गोल पातळ नेसू लागल्या. सकच्छ की विकच्छ, असा वाद घराघरांत झडला. मुलींनी तो जिंकला, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. तो त्यांचा निर्णय होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की लेकी-सुनांनी सोडलेली नऊवारी फक्त म्हाताऱ्यांकडे उरली. तिचं गिऱ्हाईक वयाने मोठं आणि खिशाने लहान झालं.

तेवढ्यात नायलॉन आलं, मागून पॉलिस्टर. रिलायन्सने 1966 मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला कृत्रिम धाग्याच्या कापडाची गिरणी काढली. सुरतेच्या साड्या गावोगावच्या बाजारांत पोहोचल्या. बायकांना हे कापड आवडलं, हेही खरं. आठ मीटर ओलं सुती लुगडं पिळून पाहा, म्हणजे का आवडलं ते कळेल. नवी साडी लवकर वाळे, इस्त्री मागत नसे, फाटत नसे. तिचे तोटे नंतर कळले. ती घाम शोषत नाही, आणि चुलीजवळ पेटली तर वितळून कातडीला चिकटते.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. 1985 च्या कापड धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी कायदा करून काही प्रकारच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो कायदा वैध ठरवला. हेतू चांगला होता, हातमागावरच्या विणकराचं पोट वाचवायचं होतं. पण यंत्रमागावरची स्वस्त, रंगीत सुती साडी अडचणीत आली. रंगीत साड्यांसाठी ओळखलं जाणारं मालेगाव पुढे मोठ्या प्रमाणात कोऱ्या कापडाकडे वळलं. या सगळ्या घडामोडींत खेड्यातल्या म्हातारीचं नाव कुठे आलं नाही. तिचं लुगडं मात्र दुकानाच्या वरच्या फळीवर गेलं आणि मग तिथूनही गेलं.

जुन्या नेसणीत सगळं निर्धोक होतं, असंही समजू नका. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात साठी-सत्तरीच्या दोन बायकांची हकीकत नोंदवली. कमरेशी वर्षानुवर्षं घट्ट आवळल्यामुळे कातडी घासली, जखम झाली, ती चिघळत राहिली आणि शेवटी तिथे कर्करोग निघाला. एकीच्या परकराची नाडी करकचलेली असे. दुसरी परकराशिवाय लुगडंच कसून नेसायची. दोघींच्याही कमरेचा विचार कुणी केला नव्हता. ‘सोसायचं’ हा आपल्याकडच्या बायकांच्या कपड्याचा अदृश्य काठ आहे.

बाजाराने विचारलं नाही, तेव्हा बायकांनी आपला तोडगा आपणच काढला. तो म्हणजे सुती गाऊन. खांद्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकून गाऊनमध्ये भाजी घेणाऱ्या बाईची आपण पुष्कळ टिंगल केली. पण तो गाऊन नीट पाहा. पुढून उघडतो, कमरेशी आवळत नाही, धुवायला हलका, आणि अनेकदा त्याला बाजूला खिसा असतो. नऊवारी आणि खणाच्या चोळीने जे दिलं होतं, त्यातलं बरंचसं बायकांनी शंभर-दोनशे रुपयांत परत मिळवलं. मिळाली नाही ती फक्त ऐट.

ऐट गेली दुसरीकडे. आता शिवलेली नऊवारी मिळते. तयार निऱ्या, तयार कासोटा, चढवली की झालं. पाडव्याच्या शोभायात्रेत, लग्नात पोरी ती हौसेने घालतात, छान दिसतात. डाळिंबी, मोरपंखी, हळदी, सगळे रंग आहेत. चुकतं एवढंच की वाकताना त्रास होणाऱ्या, निऱ्या घालायला दुसऱ्या कुणाचा हात लागणाऱ्या बाईला ही नऊवारी सगळ्यांत सोयीची आहे, आणि ती तिला कुणी दाखवत नाही.

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. शिंप्याकडे जाताना ती तीन गोष्टी ठासून सांगते. बटणं पुढे हवीत, बाही कोपरापर्यंत सैल हवी, आणि परकराला आतून खिसा हवा. शिंपी म्हणतो, ‘खाला, या वयात खिसा कशाला?’ आई म्हणते, ‘रिक्षावाल्याला पैसे काय तू देणार आहेस?’ दुकानदारांनी आणि कपडे बेतणाऱ्यांनी हा संवाद ऐकायला हवा. बाईला वय विचारू नका. तिला चालायचं किती आहे, जिने किती चढायचे आहेत, घराची किल्ली कुठे ठेवायची आहे, ते विचारा. आणि रंग तिचा तिला निवडू द्या. आईने यंदाच्या ईदला पोपटी घेतला.