गोविंदराव टेंबे : पेटीला मैफलीत मान मिळवून देणारा कलावंत

गोविंद सदाशिव टेंबे (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५) हे हार्मोनियमवादक, संगीतकार, नट आणि लेखक होते. त्यांचा जन्म कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला. कोल्हापुरातील देवल क्लबच्या मैफलींतून त्यांचा कान तयार झाला. भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानी मानत. अल्लादियाखाँ यांच्या गायकीचाही त्यांच्यावर खोल ठसा होता.

पेटीची अडचण काय होती?

हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात आणि स्वर निघतो. प्रत्येक स्वराची जागा आधीच ठरलेली असते. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड किंवा सूक्ष्म श्रुती पेटीवर काढता येत नाहीत. म्हणून अनेक जाणकार तिला साथीपुरतेच वाद्य मानत. टेंबे यांनी मात्र गवयाच्या अंगाने स्वतंत्र पेटीवादन केले आणि श्रोत्यांनी ते मैफलीसारखे ऐकले.

रंगभूमी आणि चित्रपट

१९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ला टेंबे यांनी चाली दिल्या. त्यांत ठुमरी, दादरा अशा पूरब ढंगाच्या गाण्याचा वापर होता. नाट्यपदांना त्यामुळे नवे वळण मिळाले. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीत त्यांचेच. त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनी केली.

लेखन

‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या पुस्तकांत आठवणी आणि संगीतविचार एकत्र येतात. ध्वनिमुद्रणे मोजकीच असलेल्या त्या काळातील गवई कसे गात, हे समजून घ्यायला ही पुस्तके आजही उपयोगी पडतात. अल्लादियाखाँ यांचे चरित्रही त्यांनी लिहिले.

पेटीवरील बंदी

१९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिथिल झाली. टेंबे त्याआधीच गेले होते. आज शास्त्रीय गायनाच्या साथीला पेटी सर्रास दिसते आणि एकल पेटीवादनाचे कार्यक्रमही होतात. त्या वाटेवरच्या पहिल्या वादकांत टेंबे यांचे नाव घेतले जाते.