तिपिटकाचा प्रवास : ताडपत्रापासून संगणकापर्यंत

राजगृहाच्या पहिल्या संगीतीत बुद्धवचनाचे संगायन झाले. त्यानंतर कित्येक शतके भाणकांनी ते मुखोद्गत ठेवले. इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ व युद्ध ओढवले. भिक्खूंबरोबर बुद्धवचनही लोपेल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा ते ग्रंथारूढ करण्यात आले. धम्मग्रंथांच्या इतिहासातील प्रत्येक स्थित्यंतरामागे अशीच निकड आढळते.

मुद्रणयुगात १८८१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने रोमन लिपीत, तर १८९३ साली सयामच्या चुलालंकरण राजाने ३९ खंडांत थाई लिपीत तिपिटक प्रकाशित केले. बुद्धाच्या कर्मभूमीत मात्र नागरी लिपीतील संपूर्ण तिपिटकासाठी भिक्खू जगदीश काश्यप यांच्या ४१ खंडांच्या नालंदा संस्करणाची वाट पाहावी लागली. ते १९५६ ते १९६१ या काळात, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सुमारास प्रसिद्ध झाले.

१९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगीतीचा पाठ पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकात उतरविला. त्यातून १९९७ साली सीडी-रॉम निघाली आणि अट्ठकथा-टीकांसह देवनागरीतील १४० खंडही छापले गेले. येथे संगणक मुद्रणाचा वैरी न ठरता सहायक ठरला. कारण स्पष्ट आहे : पालि जाणणाऱ्यांनी तो पाठ पुनःपुन्हा तपासला होता.

२००४ नंतर गूगल कंपनीने ग्रंथालयेच्या ग्रंथालये यंत्राने टिपण्यास आरंभ केला. या घाऊक पद्धतीत वेग अफाट, परंतु तपासणी अल्प. पान सुटते, जोडाक्षर बिघडते आणि सदोष पाठच सर्वत्र पसरतो.

आपल्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. १९२० चा ‘मूकनायक’ आणि १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’ वृत्तपत्री कागदावर छापलेले; असा कागद काळाबरोबर पिवळा पडून तुटतो. ज्यांना शतकानुशतके अक्षरबंदी होती, त्यांचे लेखन संगणकावर सर्वांना खुले होणे ही मुक्तीचीच एक पायरी होय. तथापि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ग्रंथ विकत घेणारा, तो घरी नेऊन कुटुंबाला वाचून दाखविणारा उपासक हीच आपली खरी मुद्रणसंस्कृती आहे. ती टिकवूनच नवे साधन स्वीकारावे.

भाणकांच्या काळी एकाची चूक दुसरा सुधारीत असे. प्रत्येक विहाराने जुने अंक जमवावेत, टिपलेला पाठ मुळाशी ताडून पाहावा आणि मूळ प्रतही जपावी. संगायनाचा हाच आजचा अर्थ आहे.