अरण्यातील वाहन आणि साधनदान

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, वाहन मुख्यतः आले ते काही आणून देण्यासाठी नव्हे, तर येथले काही बाहेर नेण्यासाठी. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात टाकला गेला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. पुढे आलापल्लीचे सागवान मालमोटारींतून गेले आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे बांबू गेला. त्याआधी गावकऱ्याची बंडी, म्हणजे या भागातील बैलगाडी, दौऱ्यावरच्या अंमलदाराचे सामान वाहण्यासाठी बिनमोल जुंपली जाई. मोबदल्याविना घेतलेल्या अशा सक्तीच्या कामाला बेगार म्हणत. आजारी माणसाच्या वाट्याला मात्र वाहन क्वचितच येई. त्याला खाटेवर घालून, ती खाट बांबूला बांधून, नातेवाईक पाळीपाळीने खांद्यावर नेत असत, आणि दुर्गम भागात हे दृश्य आजही पूर्णपणे इतिहासजमा झालेले नाही.

वाहन सेवेसाठी देण्याची कल्पना या भूमीत रुजली तिला विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतून पुढे आलेल्या साधनदानाच्या विचाराची पार्श्वभूमी आहे. जमिनीचे दान झाले तरी ती कसणाऱ्याजवळ बैल, नांगर आणि बियाणे नसेल तर दान अपुरे राहते, म्हणून उत्पादनाची साधनेही द्यावीत, असा त्यामागचा विचार होता. १९४९ साली स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन हे कुष्ठरुग्णांचे केंद्र त्याच सुमारास वरोऱ्याजवळ १९५१ मध्ये उभे राहू लागले तेव्हा समितीचे संस्थापक बाबा आमटे यांच्यापाशी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढेच भांडवल होते. जगाने टाकाऊ ठरवलेली माणसे उभी करणाऱ्या या संस्थेने पुढे टाकाऊ वस्तूंकडेही त्याच नजरेने पाहिले, आणि डॉ. विकास आमटे यांच्या प्रयोगांत निकामी टायर बंधाऱ्यांच्या कामी आले. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मानण्याची वृत्ती तेथे नव्हती, ही बाब प्रस्तुत विषयात महत्त्वाची आहे, कारण दिलेली वस्तू वापरात राहते की अंगणात गंजते हे देणाऱ्याच्या औदार्यापेक्षा घेणाऱ्याच्या कारागिरीवर अधिक ठरते.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी याच समितीचा, आदिवासींच्या सेवेसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा उत्तम मोटार मिळाली असती तरी ती वर्षभर चालली नसती. पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी हा मुलूख महिनोन्‌महिने तुटत असे, आणि पर्लकोटा नदीवरचा बुटका पूल पुढील काळातही दर पुरात पाण्याखाली जात राहिला. १९७५ मध्ये स्विसएड या स्वित्झर्लंडमधील संस्थेच्या साहाय्याने तेथे लहानसे रुग्णालय झाले, परंतु विजेची सोय बराच काळ नव्हती आणि प्रकल्प चालवणाऱ्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. याच काळात, १९८३ मध्ये, चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा, सागवान आणि बांबू यांच्यामागोमाग वीजही बाहेर गेली, इतकेच.

शहरातील एखाद्या कुटुंबाने आपली वापरलेली विद्युत मोटार अशा संस्थेला द्यावी, ही आजची शक्यता या पार्श्वभूमीवर तपासावी लागते. अमेरिकेत जुनी मोटार धर्मादाय संस्थेला देण्याची प्रथा फोफावली ती बऱ्याच अंशी प्राप्तिकरातील सवलतीमुळे, आणि देणारे मोटारीची किंमत फुगवून दाखवू लागल्यावर २००५ पासून पाचशे डॉलरांपुढील वजावट सामान्यतः संस्थेला विक्रीतून मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित झाली. भारतात १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-जी, म्हणजे धर्मादाय देणगीवर वजावट देणारी तरतूद, पैशाच्या रूपातील देणगीलाच लागू होती. त्यामुळे जाणता देणगीदार गाडी विकून धनादेश देणे पसंत करतो, आणि साधनदानाचा मूळ विचार मागे पडतो. शिवाय विनामूल्य दिलेल्या वाहनाचीही मालकी परिवहन कार्यालयात रीतसर हस्तांतरित करावीच लागते, अन्यथा अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकाच्या, म्हणजे देणाऱ्याच्याच, गळ्यात पडते.

विद्युत मोटारीत प्रश्न बॅटरीशी येऊन थांबतो. डिझेलची जुनी जीप तालुक्याच्या गावातला मिस्त्री उघडून दुरुस्त करू शकतो. लिथियम बॅटरीला मात्र प्रशिक्षित हात आणि उपकरणे लागतात, तिची साठवणक्षमता वर्षागणिक घटते आणि नवी बॅटरी घेण्याचा खर्च जुन्या गाडीच्या उरलेल्या किमतीलाही मागे टाकू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निकामी बॅटरी परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकावर टाकले आहे. तथापि भामरागडहून ती गोळा होणार कशी, हे नियमाच्या कागदावरून ठरत नाही. वरोरा किंवा चंद्रपूर परिसरात, जिथे रस्ते डांबरी आहेत, रोजचे अंतर ठरलेले आहे आणि रात्री गाडी एकाच ठिकाणी उभी राहते, तिथे अशी गाडी रुग्णांची आणि औषधांची ने-आण चांगली करील. भामरागडच्या दिशेने अहेरीच्या पुढे, निदान सध्या, देणाऱ्याने गाडीऐवजी तिची किंमत दिलेली बरी.