दंतवैद्याचा हात : जंतुज्ञान आणि आचार यांमधील अंतर

मुखातील जंतूंचे ज्ञान दंतवैद्यकास उशिरा झाले असे कोणासही म्हणता येणार नाही. डच निरीक्षक लेव्हेनहूक याने आपल्या दातांवरील पांढऱ्या किटणात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले व १६८३ मध्ये त्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. पुढे दोन शतकांनी बर्लिन येथे राहून काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी डेटन मिलर याने रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्राची पद्धती आत्मसात केली. मानवी मुखातील सूक्ष्म जंतूंवरील त्याचा ग्रंथ १८९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. लिस्टरचा कार्बोलिक आम्लाच्या उपयोगावरील निबंध १८६७ चा. दाबाखालील वाफेने जंतू मारणारे शांबरलाँचे पात्र १८७९ चे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी रबरी हातमोजे आले तेही १८९० च्या सुमारास. म्हणजे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच ज्ञान, पात्र आणि हातमोजा ही तिन्ही सिद्ध होती. असे असूनही अमेरिकेतील बहुसंख्य दंतवैद्य १९८० नंतरच्या काही वर्षांपर्यंत उघड्या हातांनीच रुग्णाच्या तोंडात काम करीत होते. या सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराचे कारण म्हणून अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु ते पुराव्याशी जुळत नाही.

उलगडा व्हावयाचा तर या ज्ञानाची दिशा पाहिली पाहिजे. मिलरने १८९१ मध्ये मानवी मुख हे संसर्गाचे केंद्र आहे, तेथून जंतू शरीरात अन्यत्र पोहोचतात, असे प्रतिपादन केले. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात हाच विचार अतिशय कठोर शब्दांत मांडला. कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या व पूल बसविणाऱ्या तत्कालीन दंतवैद्यकावर त्यांनी जो प्रहार केला, त्याचा परिणाम दूरवर झाला. संधिवातापासून मनोविकारापर्यंत नाना व्याधींचे मूळ दातांत शोधले जाऊ लागले, आणि पुढील दोन-तीन दशकांत असंख्य निरोगी दातही उपटले गेले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जंतूंचे भय त्या काळी कमी नव्हते. किंबहुना ते अतिरेकी होते. मात्र त्या भयाची दृष्टी सर्वस्वी रुग्णाच्या दाताकडे वळलेली होती. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारा वैद्याचा हात या सिद्धान्तात कोठेही दिसत नव्हता. संसर्ग रुग्णापाशी असतो आणि वैद्य तो दूर करतो, ही विभागणी इतकी गृहीत होती की तिचा उच्चार करण्याचीही गरज कोणास भासली नाही.

याची साक्ष भाषाही देते. प्रत्यक्ष रुग्ण तपासणाऱ्या व्यावसायिकाला इंग्रजीत ‘ओल्या बोटांचा दंतवैद्य’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्या शब्दप्रयोगात निंदा नसून अभिमान आहे. बोटांना लागलेली लाळ हे अनुभवाचे चिन्ह मानले गेले. हातमोजा घातला तर स्पर्शाची सूक्ष्मता जाते, हा आक्षेपही त्याच अभिमानाचे एक रूप होय.

हे चित्र पालटू लागले ते वैद्य स्वतः संकटात आला तेव्हा. ब्लुंबर्ग यांच्या संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू ओळखता येऊ लागला, आणि रक्तचाचण्यांवरून असे आढळले की दंतवैद्यांत, विशेषतः दंतशल्यचिकित्सकांत, या संसर्गाचे प्रमाण सामान्य जनांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. अमेरिकेत या रोगावरील लसीस १९८१ मध्ये मान्यता मिळाली. तथापि १९८४-८५ मध्ये इंडियाना राज्यातील एका दंतवैद्याकडून नऊ रुग्णांना ही कावीळ झाली व त्यांपैकी दोघे दगावले. तो वैद्य विषाणूचा वाहक होता आणि हातमोजे नियमाने वापरीत नव्हता. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यकासाठी स्वतंत्र शिफारशी प्रसिद्ध केल्या त्या १९८६ मध्ये. एड्सची पहिली नोंद तत्पूर्वी पाच वर्षे, १९८१ मध्ये, झालेली होती.

शिफारस आणि सक्ती यांमध्ये अद्याप अंतर होते. फ्लोरिडातील किंबर्ली बर्गालिस या तरुणीच्या दोन दाढा डिसेंबर १९८७ मध्ये काढण्यात आल्या. तिला एड्स झाल्याचे निष्पन्न झाले आणि दाढा काढणारा दंतवैद्यही त्याच रोगाने ग्रस्त होता, असे जुलै १९९० मध्ये जाहीर झाले. पुढे त्याच्या एकूण सहा रुग्णांतील विषाणूंचे जनुकीय साम्य सिद्ध झाले. संसर्ग नेमका कोणत्या मार्गाने झाला हे मात्र कधीच ठरविता आले नाही. चौकशीत जे आढळले ते कोणत्याही सामान्य दवाखान्यात आढळले असते : शस्त्रक्रियेची हत्यारे वाफेच्या पात्रात जात होती, हातमोजे होते, पण दोन रुग्णांमध्ये ते क्वचित न बदलता धुतले जात होते, दात कोरण्याचे फिरते यंत्र उष्णतेने निर्जंतुक न करता औषधी द्रवाने पुसले जात होते. बर्गालिसने सप्टेंबर १९९१ मध्ये काँग्रेसपुढे साक्ष दिली. ८ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. रक्तजन्य रोगांविषयीचा सक्तीचा संघीय नियम त्याच्या दोनच दिवस आधी प्रसिद्ध झाला होता. हा नियम कामगार-सुरक्षेच्या खात्याचा होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. त्याचा कायदेशीर हेतू नोकरांचे रक्षण हा होता. रुग्णाचे रक्षण त्याच्या अनुषंगाने घडले.

हातमोजा अशा रीतीने रूढ झाला; यंत्राचा प्रश्न अधिक चिवट ठरला. हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे तीन लक्ष फेरे घेणारे यंत्र १९५७ पासून प्रचारात आले. ते थांबताच तोंडातील द्रव त्याच्या आतील नळ्यांत ओढला जाऊ शकतो, व पुढील रुग्णाच्या तोंडात बाहेर पडू शकतो. बाह्य भाग कितीही पुसला तरी आतील भाग पुसला जात नाही. प्रत्येक रुग्णानंतर ते उष्णतेने निर्जंतुक करावे असा स्पष्ट सल्ला अमेरिकन शासनाने १९९२ मध्ये दिला. तोपर्यंत ‘पुसणे’ हेच ‘निर्जंतुक करणे’ मानले जात होते. मराठीतही स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेल्या आणि वाफेच्या पात्रातून काढलेल्या अशा दोन्ही हत्यारांना आपण सर्रास ‘निर्जंतुक’ म्हणतो, हा शब्दाचा आळस निरुपद्रवी नाही. रक्तापर्यंत पोहोचणारे, केवळ अंतस्त्वचेस स्पर्श करणारे आणि अखंड त्वचेलाच लागणारे अशी उपकरणांची त्रिविध वर्गवारी स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडली, ती नेमका हाच घोळ टाळण्यासाठी.

यानंतर घोळ संपला असे नव्हे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे २०१३ मध्ये एका दंतशल्यचिकित्सकाच्या सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणीसाठी बोलवावे लागले, आणि दंतचिकित्सेत एका रुग्णाकडून दुसऱ्यास ‘क’ प्रकारच्या काविळीचा विषाणू गेल्याचे अमेरिकेतील पहिले नोंदलेले उदाहरण तेथे सिद्ध झाले. वाफेचे पात्र त्या दवाखान्यात होते. त्यातील वाफ जंतू खरोखर मारते की नाही हे पाहण्याची दरमहा करावयाची बीजाणुचाचणी मात्र किमान सहा वर्षे झालेली नव्हती, असे राज्याच्या दंतवैद्यक मंडळाने आपल्या तक्रारीत नोंदविले आहे.