खिळ्यापासून संगणकापर्यंत : पान जुळविण्याच्या विद्येचा वृत्तान्त

स्मरणिका हाती पडली की प्रत्येक जण प्रथम आपले व आप्तेष्टांचे नाव शोधतो. ते नाव ज्या पानावर बसले, ते पान जुळविणारा हात मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. निरगुडसर व जुन्नर-आंबेगाव भागातील आपल्या तरुणांपुढे त्या विद्येचा इतिहास थोडक्यात ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. त्यांच्या मागून जावजी दादाजी चौधरी पुढे आले. गरिबीमुळे लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा 2 रुपये वेतनावर खिळे घासण्याच्या कामास लागले. शालेय शिक्षण बेताचेच. छापखाना हीच त्यांची शाळा ठरली. 1864 साली त्यांनी खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि 1869 साली ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. त्याच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता विद्वानांत प्रमाण मानली गेली.

देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा यांसाठी त्या काळी शेकडो खिळे लागत. कोणता खिळा कोणत्या घरात, हे जाणत्या जुळाऱ्याशेजारी उभे राहूनच शिकावे लागे.

1985 साली अमेरिकेत ‘पेजमेकर’ निघाले व पानाची जुळणी संगणकाच्या पडद्यावर आली. 1988 साली पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाल्यावर भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कार्यास बळ मिळाले. 1999 साली ‘इनडिझाइन’ आले. साधन बदलले, तरी समास किती सोडावा, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, मथळा केवढा असावा, ही दृष्टी यंत्र देत नाही. ती गुरुमुखातूनच मिळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत अक्षरांची सांकेतिक योजना ज्याची त्याची निराळी असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच वंशावळ निरर्थक चिन्हे होऊन दिसते. ‘युनिकोड’मध्ये 1991 पासून देवनागरीस सर्वमान्य संकेत आहेत, म्हणून ज्ञातीचे दप्तर त्यातच जतन करणे इष्ट होय. अन्यथा छापलेले पान उरेल, पण संगणकातील मूळ मजकूर पुढील पिढीस वाचता येणार नाही.

यास्तव एक नम्र सूचना करावीशी वाटते. दरवर्षी स्मरणिकेची जुळणी चालू असता गावाकडील एक मुलगा व एक मुलगी त्या जाणत्या हाताशेजारी बसवावी. जावजींना शिकण्यास जी जागा लाभली, ती आपल्या मुलांना आपणच द्यावी. त्यास फार खर्च येत नाही.