मालिकेचा शेवट कोण ठरवितो?



दूरचित्रवाणीवर जे जे क्रमशः दिसते, त्या सर्वांस आपण ‘मालिका’ म्हणतो. पौराणिक, कौटुंबिक, विनोदी अशी विषयवार वाटणी सोयीची खरी. परंतु मला ती अपुरी वाटते. कथेचा शेवट कोठे होतो आणि तो कोण ठरवितो, ही कसोटी मी अधिक उपयुक्त मानतो.

या कसोटीने चार प्रकार पडतात. पहिल्यात पात्रे तीच राहतात, पण कथा त्या त्या भागातच पुरी होते. आपल्या बडोद्यात पालीचे अध्यापन केलेल्या चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने सादर केलेली चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका या जातीची. दुसरा प्रकार कथामालेचा. तीत पात्रेही बदलतात. आर. के. नारायण यांच्या कथांवरील शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ मुख्यतः अशी आहे. मात्र तिच्यातील स्वामीची कथा अनेक भाग चालते. तेव्हा एकाच मालिकेत दोन प्रकार नांदू शकतात.

तिसरा प्रकार सांत कथेचा. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील गोविंद निहलानी यांची ‘तमस’ हे त्याचे उदाहरण. चौथा प्रवाही कथेचा. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात १५६ भाग चालली. आरंभीचा कुटुंबनियोजनाचा ठळक उपदेश प्रेक्षकांस रुचला नाही, तेव्हा कथानकाचा रोख बदलण्यात आला. येथे शेवट ठरविण्याचा अधिकार लेखकाकडे एकट्याकडे उरत नाही. ‘रामायण’ या दोहोंच्या मध्ये उभी आहे: शेवट सर्वांस ठाऊक, तरी लोकाग्रहास्तव योजलेले ५२ भाग वाढून ७८ झाले.

ही वर्गवारी केवळ अभ्यासकांच्या सोयीची नाही. १९८८ च्या जानेवारीत ‘तमस’चे काही भाग दाखविले गेले असतानाच तिचे प्रसारण थांबवावे, अशी मागणी न्यायालयात झाली. फाळणीपूर्व दंगलींची दृश्ये जातीय तेढ वाढवितील, असा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी संपूर्ण मालिका पाहून मग निर्णय दिला, आणि १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. सुट्या दृश्यांवरून नव्हे, तर समग्र कृतीवरून तिचा परिणाम जोखावा, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

पण समग्र पाहता आली, याचे कारण ‘तमस’ पूर्ण झालेली होती. प्रवाही मालिकेत असे समग्र काही हाती नसते. उद्याचा भाग आज लिहिलाही गेलेला नसतो. म्हणून ‘पुढे सारे उलगडेल’ हा बचाव तिला शोभत नाही. प्रत्येक भागाचा जाब तिने त्याच दिवशी दिला पाहिजे. आजच्या वेब मालिकांत एका हंगामाचा शेवट ठरलेला असतो, पुढला हंगाम मात्र प्रेक्षकसंख्येवर अवलंबून असतो. तिथेही टीकाकाराने आधी विचारावे: ही कथा संपली आहे, की थांबविली आहे? त्या उत्तरावरून तिला कोणते माप लावायचे ते ठरते.