हरणाऱ्या पोरींच्या पाठीशी

कॉलेजातली आपली पोरगी सारख्या हरणाऱ्या फुटबॉल टीममध्ये असली, की चारजणी म्हणतात, "कशाला खेळतेस? सोडून दे." अशा वेळी आम्हा सेलूच्या बायांना आपल्या देशाच्या महिला संघाची गोष्ट सांगावीशी वाटते.

1980 साली केरळात कोझिकोडला आशियाई चषक झाला. आपल्या मुलींनी दुसरा नंबर काढला. 1983 साली पुन्हा दुसरा. अंतिम सामन्यात थायलंडनं हरवलं. पुढं मात्र घसरण लागली. 2003 नंतर कितीतरी वर्षं आपला संघ या स्पर्धेत दिसलाच नाही.

2022 साली चषक आपल्या महाराष्ट्रातच भरला. यजमान म्हणून आपल्याला थेट जागा होती. इराणशी पहिला सामना 0-0 असा सुटला. मग संघात कोरोना शिरला. मैदानात उतरवायला पुरेशा मुली उरल्या नाहीत, आणि एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर जावं लागलं.

तरी मुलींनी खेळ सोडला नाही. 5 जुलै 2025 रोजी त्यांनी थायलंडला थायलंडातच 2-1 असं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून या चषकात जागा मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

बायांनो, जिंकल्यावर हार घालायला सगळं गाव येतं. हरलेली पोरगी घरी येते तेव्हा दारात आपणच असतो. तिला गरम भाकरी वाढा आणि एवढंच विचारा, "उद्या सरावाला किती वाजता जायचं?"